आत्याचा डावा पाय

तो मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांना केसांचा काळा रंग लागला होता... आणि पुढ्यात स्ट्रेचरवर त्याची आत्या. अर्धं डोकं काळंभोर, अर्धं पांढरंशुभ्र.

"कधीपासून असं झालंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"रंग लावायला बसली तेव्हा ठणठणीत होती हो. अर्ध्यावर ब्रश गळून पडला. उजवा हात, उजवा पाय... हलतच नाही."

मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेळेत द्यावं लागतं. ते सगळ्यांना मानवतंच असं नाही. कधी मेंदूत रक्तस्रावही होतो. कुणाला फायदा जास्त, कुणाला धोका जास्त, याचा अंदाज बांधणारं गणित हे माझं काम. निर्णय डॉक्टरांचा.

"वय बघता..." डॉक्टर घुटमळले.

"वय जास्त आहे, पण उशीर झालेला नाही," मी म्हणाले. "फायद्याचं पारडं जड आहे. अशा दहांतले सहा जण पुन्हा आपल्या पायांनी चालतात."

"मला आत्या एकच आहे," तो म्हणाला.

इंजेक्शन दिलं गेलं.

अंदाज खरा ठरला का, हे पुढचे तीन महिने पेशंटच्या घरी जाऊन बघावं लागतं. दार तोच उघडायचा. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, बोलणं मात्र जिन्याने आल्यासारखं – थांबत थांबत.

"तुमचं बरंय," एकदा म्हणाला, "तुम्ही टक्के सांगता आणि लोक ऐकतात. मी 'लिफ्ट बहुतेक थांबेल' म्हटलं, तर कुणी चढेल का?"

"तुम्ही दुरुस्त केलेली असेल तर... मी चढेन," असं ओठांवर आलं होतं. प्रत्यक्षात मी म्हणाले, "आत्यांचा रक्तदाब बघायचाय."

दुसऱ्या महिन्यात आत्या छान चालल्या. तिसऱ्या, शेवटच्या भेटीत मात्र भिंत धरून, कण्हत बाहेर आल्या. मी नीट पाहिलं.

"आत्या, गेला होता तो उजवा पाय. आज तुम्ही डावा ओढताय."

आत्या थबकल्या. क्षणभर विचार केला आणि शांतपणे पाय बदलला.

भाच्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे गदगदत होते.

"हसू नकोस, घुम्या!" आत्या कडाडल्या. "मी बरी झाले की ही यायची बंद. तू काही बोलायचा नाहीस. ही यायच्या आदल्या दिवशी पडदे धुतोस, ते मला दिसत नाही होय?"

"आत्या, अगं..." त्याचे कान लाल झाले.

मलाही हसू आवरत नव्हतं. तरी म्हणाले, "तुम्ही लंगडलात, तर तुमच्या वयाच्या बाईला इंजेक्शनचा उपयोग झाला नाही, अशी नोंद होईल. उद्या आणखी कुणाची आत्या येईल, आणि माझं गणित सांगेल – देऊ नका."

आत्यांचा चेहरा उतरला. "अगंबाई. तिचा काय दोष?"

त्या ताठ झाल्या, खिडकीपर्यंत तरातरा जाऊन परत आल्या. "लिही. ठणठणीत." मी लिहिलं, सही केली. "जिनाही चढून बघते," म्हणत त्या बाहेर पडल्या आणि दार घट्ट ओढून घेतलं.

"म्हणजे... आता तुम्ही यायच्या नाहीत," तो पडद्याकडे बघत म्हणाला.

"कामासाठी नाही."

"हं." तो पडद्याची चुणी सरळ करत राहिला. सरळच होती ती.

"नोंद उघडी असेपर्यंत घरच्या माणसांशी कामाखेरीज बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे," मी म्हणाले. "नोंद आत्ताच बंद केली मी. म्हणून सांगते... तुम्ही मला आवडता. बरेच दिवस."

पडदा त्याच्या मुठीत चुरगळला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. शेवटी नुसतीच मान डोलावली – इतक्या जोरात, की नकार समजायला जागाच नव्हती.

जिन्यातून हाक आली, "काय गं, बोलला का तो?"

"नाही, आत्या," मी ओरडून सांगितलं. "मीच बोलले."