आठ पायांचा साक्षीदार

"मामा शिडीवरून पडले म्हणे! मग हा कॅमेरा कुणी ठेचला?" टाचणीने गोदामामागच्या कचऱ्यात सापडलेला फुटका कॅमेरा मावशीच्या दुरुस्तीच्या टेबलावर ठेवला.

सुट्टीला आलेली टाचणी, पहिलवान आणि छोटी ही तिघं भावंडं कालपासून सुन्न होती. गोदामाची राखण करणारे मामा रक्ताच्या थारोळ्यात सापडले होते, अजून शुद्धीवर आले नव्हते. मावशी त्यांच्यापाशी दवाखान्यात होती. "पाय घसरला असेल," म्हणून गोदामाच्या कंत्राटदाराने हात झटकले, आणि फौजदारबाईंनी तेच लिहून घेतलं!

"सर्किटची पट्टी दुभंगलीय, पण मेमरीची चिप शाबूत आहे," टाचणी म्हणाली. "ही काढून मावशीकडच्या तसल्याच कॅमेऱ्यात बसवू."

"मग उपट की!" पहिलवान म्हणाला. नाव पहिलवान, अंगाने काडी!

"उपटली तर पाय तुटतील, शहाण्या! आधी सोल्डर, म्हणजे पायांचा डाख, काढायचं."

तिने चिपच्या पायांना सोल्डर सुटं करणारा चिकट फ्लक्स लावला, तांब्याची विणलेली फीत ठेवली आणि वरून तापलेलं सोल्डरिंग आयर्न टेकवलं. सोल्डर चकाकलं, वितळलं आणि फितीने ते गटकन पिऊन टाकलं. दोन-तीन सेकंद, की हात वर! जास्त तापवलं तर सगळंच जळणार.

पाच पाय मोकळे झाले, तोच दारावर लाथ बसली.

"कार्ट्यांनो! कचऱ्यातून उचलताना पाहिलंय मी! कॅमेरा द्या!" कंत्राटदार!

"छोटे, खिडकीतून पळ! पोलिसांना आण!" टाचणी ओरडली. धाकटी बहीण उडी मारून पसार झाली. पहिलवानाने दाराला कपाट लावलं. धाड्! पहारीच्या घावाने फळी फुटली. धाड्! कपाट कोसळलं. पुढचा घाव पहिलवानाच्या खांद्यावर बसला आणि तो किंचाळत कोलमडला.

टाचणीने पुन्हा आयर्न टेकवलं. सहा... सात... आठ! चिमट्याने हलकेच ढकलताच चिप सरकली. तिने ती मुठीत घेतली.

कंत्राटदाराने तिची वेणी धरून तोंड टेबलावर आपटलं. ओठ फाटला, रक्त आलं. "मूठ उघड! तुझ्या मामाचं डोकं फोडलं, तुझंही फोडीन!"

तिने तापलेलं आयर्न त्याच्या मनगटावर दाबलं. चर्रर्र! तो गुरासारखा ओरडला. खाली पडलेल्या पहिलवानाने एका हाताने स्टूल उचलून त्याच्या गुडघ्यावर हाणलं. कडाड्!

छोटीच्या मागोमाग फौजदारबाई शिपायांसह आत आल्या तेव्हा तो जमिनीवर लोळत होता.

ओठ सुजला असतानाही टाचणीने मावशीकडच्या कॅमेऱ्यातली चिप काढली आणि तिच्या जागी ही डाख लावून बसवली. पडद्यावर मामा हात जोडत होते आणि कंत्राटदार पहार उगारत होता. छोटीने डोळे मिटले.

"चूक माझी, पोरांनो," फौजदारबाई खाली मानेने म्हणाल्या. "तुम्ही नसता तर हा सुटला असता."

तेवढ्यात मावशी धापा टाकत आली. "मामांनी डोळे उघडले!" म्हणता म्हणता तिची नजर टेबलावर गेली. भिंगातून तिने चिप काढलेली ती सर्किटची पट्टी न्याहाळली. "मलाही इतकं स्वच्छ जमलं नसतं गं!"

आणि इतका वेळ दातावर दात दाबून उभी असलेली टाचणी मावशीच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडू लागली.