ज्याची कळ त्याची सही

अरे, आधी ऐक तर! मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझी लिंक तुटते.

देवसाळ शहरात पाणीखातं सरकारचं नाहीये. कुठल्या शेठचंही नाहीये. तिथल्या कामगारांचंच आहे ते. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडबंद करणारे चावीवाले, फिटर, पंपावरचे ऑपरेटर, मीटर वाचणाऱ्या बायका, असे दोनशे बारा मालक. नगरपालिकेनं खातं विकायला काढलं तेव्हा बाहेरच्या कंपन्यांची रांग लागली होती. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी ठरलं, द्यायचंच आहे तर जे राबतात त्यांनाच द्या.

पण लोकांना धाकधूक होतीच. हेसुद्धा मालक झाल्यावर मालकासारखेच वागले तर? नळ गळतोय तर गळू दे म्हणाले तर?

तिथे आल्या डॉक्टर निखत इनामदार. मज्जातंतूंवर संशोधन करायच्या. त्यांनी जुन्या चावीवाल्यांना काम करताना बघितलं होतं. ते लोक लोखंडी दांडीचं एक टोक पाइपावर टेकवतात आणि दुसरं कानाला लावतात. खाली कुठे गळत असेल तर आतून बारीक सूंऽऽ असा आवाज येतो. बाईंनी त्या दांडीच्या जागी कळपट्टी आणली. नखाएवढी पट्टी, मनगटाच्या कातडीखाली बसवायची. जमिनीतल्या पाइपांना ठिकठिकाणी इवलेसे माइक लावले. तुझ्या भागातल्या पाइपात सूं झालं की पट्टी त्या आवाजाची कळ करून तुझ्या नसेत सोडते. थेंबथेंब गळती असेल तर टाचणी टोचल्यासारखं. मोठा पाइप फुटला तर माणूस मटकन खाली बसतो. हाताला इजा काही होत नाही, फक्त दुखतं. आणि नियम असा, की शेअर हवा तर पट्टी बसवायची. प्रत्येकाला आपापला भाग नेमून दिलेला.

अरे, जादू झाली रे! पूर्वी निम्मं पाणी गळून जायचं, ते वर्षभरात थांबलं. लोक जेवणाच्या ताटावरून उठून खड्डा खणायला पळायचे! दुसऱ्या गावांहून माणसं बघायला यायची.

आता कुंदा गवारे. चावीवाली. तिच्या वाट्याला आला पत्र्याचा माळ. अकराशे घरं, पन्नास वर्षांचे सिमेंटचे पाइप, आणि त्या पाइपांवरच लोकांनी खोल्या बांधलेल्या. खणणार कुठे? नवी लाइन वळसा घालून टाकायची तर तीन वर्षं. एक सांधा भरला की पुढचा फुटायचा. आठ महिने तिचा उजवा हात ठणकत होता. भाकरी थापायची डाव्या हातानं.

एका सकाळी ती सांधा भरायला गेली. एरवी त्या त्या गल्लीचीच चावी बंद करून भागायचं, पण हा सांधा मोठ्या पाइपाचा, म्हणून सगळ्या माळाची मुख्य चावी बंद करावी लागली. तिनं ती फिरवली, पाइप रिकामा झाला, आणि हात एकदम गप्प. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ती भिंतीला टेकून नुसती बसली. मग सांधा भरला, सामान उचललं, घरी गेली.

चावी उघडायची राहिली.

दोन दिवस! एरवी हातच तिला आठवण करून द्यायचा ना. हात दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, ही आता सगळ्यांचीच सवय झालेली. तिसऱ्या दिवशी माळावरच्या बायका हंडे घेऊन पंपहाउसवर आल्या तेव्हा तिला कळलं. तिनं पळत जाऊन चावी उघडली. हात पुन्हा सुरू.

संध्याकाळी बैठक लागली. कुंदाला वाटलं, आता चामडी सोलणार. अध्यक्ष भुजंगराव, चाळीस वर्षं फिटर, खुर्ची ओढून तिच्याजवळ आले.

"कुंदे, खरं सांग. बंद होती तेव्हा कसं वाटलं?"

सगळे कान टवकारून बसलेले. कुणीच ओरडलं नाही.

"काहीच वाटलं नाही," ती म्हणाली.

"काहीच?" मागून सोमिनाथनं विचारलं. पोरगा सगळ्यात नवा. "एकदम झीरो?"

आठवड्यानं बैठकीत ठरलेला कागद तिच्यासमोर आला. नवी लाइन होईपर्यंत माळ बंद, आठवड्याला दोन टँकर. त्यांच्यात पद्धत होती, ज्याची कळ त्याची सही. त्या भागाच्या मालकाशिवाय दुसऱ्या कुणाला तो बंद करता येत नाही.

कुंदा कागद घेऊन थेट निखतबाईंकडे गेली.

"मॅडम, उलटं करा. पाणी बंद असलं की दुखू दे. मग कुणी सही मागणार नाही."

"नाही होत, कुंदाताई. पट्टी आवाज ऐकते. गळतीला आवाज असतो. रिकामा पाइप गप्प असतो."

"पण लोक तहानलेले असतात ना!"

"लोकांना माइक नाही लावलेत आपण."

"का नाही लावले?"

बाई म्हणाल्या, "मला वाटलं होतं, पाइप दुखला म्हणजे लोकांचं दुखणंही त्यात आलंच."

"मग माझ्याऐवजी दुसऱ्याला द्या माळ."

"शेअर सोडावा लागेल. म्हणजे नोकरी, क्वार्टर, सगळंच. आणि पुढचा नंबर सोमिनाथचा आहे."

"तो तर उभ्या उभ्या सही करेल."

"मग तुम्हीच ठरवा," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं हात दुखू द्या, नाहीतर माळ बंद करा."

कुंदा आणखी बारा दिवस थांबली. बारा दिवस! तेराव्या दिवशी सकाळी माळावरच्या नळगल्लीतला मोठा सांधा फुटला. ती ओट्याशीच कोसळली. लेकीनं पाणी मारलं तोंडावर. शुद्धीवर आल्या आल्या तिनं पेन मागितलं.

पुढच्या सोमवारी माळावरच्या चार बायका तिच्या दारात आल्या. त्यातली सरूबाई, जिच्या ओसरीत बसून कुंदानं कितीदा चहा घेतलेला, म्हणाली, "कुंदा, टँकर आलाच नाही गं. सुनेला कालपासून जुलाब लागलेत. घरात तांब्याभर पाणी नाही."

कुंदानं घरातला भरलेला हंडा तिला उचलून दिला. उजव्या हातानं. आणि त्या गेल्यावर ती उंबऱ्यात तशीच उभी राहिली, हाताकडे बघत. वाट बघत होती ती. आता दुखेल, मग दुखेल.

दुखलंच नाही रे.

तोवर तिचं बघून आणखी एकोणीस सह्या झाल्या होत्या. सोमिनाथनं स्वतःचा भाग बंद केला होता, तिथे तर गळती टाचणीएवढीच होती.

आता बोल. तो सांधा फुटलाय, तू ओट्याखाली पडलायस, लेक पेन घेऊन उभी आहे. तू काय केलं असतंस?