चाळीस फुटांवरचा कंदील

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. गावाने तसंच समजलंय.

१७ मे २०२३, बुधवार. भर दुपारी बारा वाजता. पिंपळगाव राजाच्या शिवारात, वामनरावांची विहीर.

मी गोविंदा. विहिरीतल्या मोटारी काढायच्या, बसवायच्या, हा माझा आणि थोरल्या भावाचा, गणेशदादाचा धंदा.

ही विहीर वर्षभर पत्र्यांनी झाकलेली होती. अशा विहिरीत जड हवा साचते. तिला ना वास, ना रंग. माणूस दोन-चार श्वासांत आडवा होतो. म्हणून आधी कंदील सोडायचा. विझला तर उतरायचं नाही.

दादाला घाई होती. मीच म्हणालो, "थांब दादा, कंदील सोडू दे."

दहा फूट... वीस... तीस...

ज्योत हललीसुद्धा नाही.

चाळीस फुटांवर दोर एकदम ढिला पडला. विहीर तर साठ फूट खोल. मला वाटलं, कपारीवर टेकला असेल. इथंच माझी अक्कल शेण खायला गेली.

"जळून राह्यला ना?" दादाने वाकून पाहिलं.

"हाव. उतर."

वामनराव तेव्हा बांधावर फोनवर बोलत होते. जळता कंदील पाहिला तो फक्त आम्ही दोघांनी.

दोर एकच होता, तो कंदिलाला. दादा तसाच लोखंडी पायऱ्यांवरून उतरला. थोड्या वेळाने त्याचा आवाज आला... शांत, रोजच्यासारखा.

"गोविंदा, खाली अजून मानूस काऊन पाठवला बे?"

"कोनीच नाही पाठवला."

"मंग हा कंदील धरून कोन उभा हाये?"

माझ्या हातातला दोर खालून ओढला गेला.

एकदाच. हलकेच.

"दादा, वर ये."

पाण्यात काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

खाली उजेड तसाच होता.

मी उतरायला धावलो. वामनरावांनी मला मागून मिठी मारून धरलं. मी त्यांना चावलो, शिव्या दिल्या. त्यांनी सोडलं नाही.

खामगावहून अग्निशमन दलाची गाडी आली. त्या लोकांनी त्यांचा दिवा सोडला. पंधरा फुटांवर विझला. पुन्हा सोडला. पुन्हा विझला. मग एक जण तोंडाला मास्क, पाठीवर नळकांडं लावून उतरला आणि दादाला घेऊन आला.

दादा गेला होता.

"खाली कंदील जळत होता ना?" मी विचारलं.

"काडीबी पेटनार नाही तिथं," तो म्हणाला.

आमचा कंदील वर ओढला. काच थंडगार. वात कोरी. मी ती माझ्या हाताने पेटवली होती.

तेव्हा वामनराव बोलले. गेल्या उन्हाळ्यात पाणी खोल गेलं, वरून ओढलं जाईना, म्हणून डिझेल इंजिनच विहिरीत उतरवलं होतं. धूर कोंडला आणि इंजिन चालवणारा गडी खालीच मेला.

"आधी काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर उतरले असते का तुमी?"

पंचनाम्यात लिहिलं, हवा न तपासता उतरला.

तेरवीला जयमाला वहिनींनी मला बाजूला घेतलं. "भाऊजी, खरं सांगा. कंदील सोडला होता?"

"सोडला होता, वहिनी."

"मंग विझला काऊन नाही?"

त्या दिवसापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. घाईत विसरलो म्हणालो असतो, तर रडून का होईना, त्यांनी मला माफ केलं असतं.

पण कंदील मी सोडला होता हो...