चार बायकांचा फोटो

थांब, नेस. बोट दाखवून एक, दोन, तीन करत माणसं मोजू नकोस. चहाला कप काढायचेत ना? सगळेच काढ. उरले तर उरले. आणि आधी कोपऱ्यातल्या त्या बोटीच्या नांगराला हात लाव. तू पण, कॅलम. दात काय काढतोस? लाव म्हणतो ना.

"आजोबा, बर्फासारखं गार आहे ते!"

गारच पाहिजे. आपल्या किनाऱ्यावर कोळ्याच्या घरची माणसं मोजत नाहीत, आणि चुकून कुणी मोजलीच तर गार लोखंडाला हात लावायचा. हे तुमच्या ॲबर्डीनच्या कॉलेजात शिकवत नाहीत, ठाऊक आहे मला. आता वीज गेलीच आहे, वारा काही सकाळपर्यंत पडत नाही, तर बसा गुमान. एक सांगायचं राहिलंय. बारा वर्षं राहिलंय. मासळीवाली इझी होती तोवर मी तोंड उघडणार नव्हतो. ती एप्रिलात गेली.

गोष्ट माझी नाही. स्ट्रुअन ओगिल्वीची आहे. फोटोवाला. तोच, ज्याचं जाडजूड पुस्तक चीजवाल्या बाईच्या दुकानात धूळ खात पडलंय. त्यानंच मला सांगितली, हे सगळं घडल्याच्या पुढच्या वर्षी, ह्या जाळ्यांच्या खोलीत, ह्याच पेटीवर बसून.

त्याला काम मिळालं होतं, आपल्याकडच्या गावांचे फोटो काढायचे. गावचा खाण्यापिण्याचा बाजार आणि गावातली जुनी वास्तू, असं दोन्ही एका पानावर. साधं काम. गाडी घ्यायची, गावोगाव हिंडायचं, पाव खायचा, फोटो काढायचा. मी म्हटलं, अरे, असलं काम मला का नाही मिळालं कधी? पण त्याचा जीव टांगणीला लागलेला होता. आधीची दोन कामं हातची गेली होती. हेही गेलं तर कॅमेरा विकून मेहुण्याच्या टायरच्या दुकानात उभं राहायचं होतं. आणि तीन दिवस पाऊस. तीन गावं झाली, एक फोटो धड नाही. सगळ्यांत प्लास्टिकच्या ताडपत्र्या आणि छत्र्या.

असा तो आपल्याकडे आला. नोव्हेंबरचा शेवटचा शनिवार. महिन्याचा बाजार. चौकातला दगडी खांब आहे ना, वर एकशिंगी घोडा आहे तो, त्याच्या पायऱ्यांना लागूनच इझीचं मासळीचं दुकान लागायचं. खाली पिंपात ओंडके धुमसतायत, वर काठीवर हॅडॉक मासे, शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीनं टांगलेले. वासानं माणूस खुळा व्हायचा. इझी आणि तिच्या तिघी भावजया. चौघींची तोंडं अखंड चालू. पाऊस नेमका तेव्हाच थांबला. धुरातून ऊन आलं, मागे जुन्या तुरुंगाचा मनोरा, त्यावर घड्याळ. स्ट्रुअनला वाटलं, देव पावला.

"बायांनो, जरा खांबाजवळ उभ्या राहता?"

इझी म्हणाली, "उभ्या राहू की. पण मासे घ्यायला लागतील, जावईबापू. फुकट तर आम्ही नवऱ्यालाही तोंड दाखवत नाही."

हशा झाला. चौघी उभ्या राहिल्या. आणि ह्या शहाण्यानं काय करावं? पर्थचा माणूस. समुद्र बघितलेला तो सहलीपुरता. त्यानं बोट वर केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "एक, दोन, तीन, चार. चौघी फोटोत बसतायत. अजून थोड्या जवळ या."

झालं! चौघी किंचाळल्याच. "लोखंड! गार लोखंड!" खांबात ती जुनी लोखंडी कडी आहे, चोराला बांधायची. तिच्याकडे चौघींनी एकदम झेप घेतली. चार हात कडीवर, शाली उडालेल्या, तोंडं उघडी. आणि ह्यानं नेमका तेव्हाच फोटो काढला.

"मेल्या, दगड मोज, मेंढरं मोज! आम्हाला कशाला मोजतोस?" इझी ओरडली. "माझा पोरगा पाण्यात आहे आत्ता!"

लॉरी. तिचा एकुलता एक. सव्वीस वर्षांचा. वादळ येणार म्हणून झिंग्यांचे सापळे उचलायला दुपारी बाराला बोट घेऊन गेला होता. तीनपर्यंत परत यायचं होतं. बोटीवर दोघंच होते, लॉरी आणि आणखी एक जण.

स्ट्रुअननं माफी मागितली आणि कॅमेऱ्यामागचा छोटा पडदा बघितला. फोटो असा आला होता की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन दिवसांचं भिजणं वसूल. मग त्यानं नीट बघितलं.

कडीवर पाच हात होते.

इझीच्या मागे एक बाई. कॅमेऱ्याकडे पाठ. डोक्यावरून काळी शाल. झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला. पाय अनवाणी, नोव्हेंबरात, त्या ओल्या दगडांवर.

त्यानं मान वर केली. चौघीच होत्या.

त्याला वाटलं, असेल कुणी जुन्या वेशातली, पर्यटकांना गाव दाखवणारी. आली आणि गेली. त्यानं इझीला विचारलं, "ही पाचवी कोण हो?"

इझीनं पडद्यात बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"पूस ते."

"अहो, पण..."

"पूस म्हणते ना!"

"बाई, हा एकच फोटो आलाय मला तीन दिवसांत. माझ्या पोटावर पाय येईल. पुसतो, पुसतो, आज रात्री पुसतो." असं म्हणून त्यानं कॅमेरा पिशवीत टाकला आणि निघाला. खोटं बोलला. त्यानं स्वतःच कबूल केलं माझ्याकडे.

आता तुम्ही विचाराल, इझी एवढी का घाबरली. नेस, तुझ्या पणजीच्या पणजीच्या काळी इथे धक्का नव्हता. बोटी पाण्यात उभ्या असायच्या. बायका झगा खोचून कमरेएवढ्या पाण्यात शिरायच्या आणि नवऱ्याला पाठीवर घेऊन बोटीत नेऊन बसवायच्या. कशाला? तर पाय कोरडे राहायला. ओल्या पायांनी रात्रभर समुद्रात बसला तर माणूस उरायचा नाही. बाई भिजली तर काय, ती घरी जाऊन शेकत बसणार. शेकत कसली, डोंबलाची! घरी जाऊन गळांना आमिषं लावत बसणार. तर झगा खोचलेली बाई म्हणजे पुरुषाला उचलून समुद्रात न्यायला निघालेली बाई. इझीनं तेच ओळखलं.

तीन वाजले. बोट आली नाही. साडेतीनला अंधार पडला. वारा फिरला. चारला बाजार उठला, चौकात पाव टिपणारे कावळेसुद्धा उरले नाहीत. स्ट्रुअन खानावळीत सूप पीत बसला होता. त्यानं पुन्हा एकदा कॅमेरा काढला. सहज.

पाचवी बाई वळली होती.

मघाशी तिची पाठ होती. आता ती बाजूला तोंड करून उभी होती. बंदराकडे. आणि तिचा हात कडीवर नव्हता.

त्यानं कॅमेरा बंद केला. सूप गार होईपर्यंत बसून राहिला. मग पुन्हा चालू केला. तेव्हा पाच वाजून गेले होते.

चार बायका जागच्या जागी होत्या. आणि पायऱ्यांच्या खाली, अगदी कडेला, ती. ओणवी. कुणासमोर तरी वाकलेली, पाठ पुढे केलेली. आईनं पोराला म्हणावं ना, ये, बस पाठीवर... तशी. आणि झगा... झग्यातून पाणी गळत होतं.

तेवढ्यात खानावळीचं दार उघडलं. इझी. डोक्यावर काही नाही, केस मोकळे. "अजून ठेवलायस! ठेवलायस ना? दाखव!" तिनं बघितलं आणि ती जमिनीवर गुडघ्यांवर बसली. त्याचे पाय धरले तिनं. "माझ्या लॉरीला न्यायला वाकलीय ती. पूस रे. तुझ्या पाया पडते. पूस."

त्यानं बटण दाबलं. खात्री आहे का, विचारलं यंत्रानं. त्यानं पुन्हा दाबलं.

पडदा काळा झाला. बाहेर मनोऱ्यावरच्या घड्याळात सव्वापाचाचा टोला पडला.

स्ट्रुअनची गोष्ट इथे संपते. त्यानंतर त्यानं माणसाचा फोटो काढला नाही. पुस्तक बघा हवं तर. चीज आहे, पाव आहेत, मनोरे आहेत. एक माणूस नाही.

"आणि बोट, आजोबा? बोटीचं काय झालं?"

हं.

बोटीवरचा दुसरा माणूस मी होतो.

चहा ओत जरा. नको, राहू दे.

सापळ्याचा दोर पंख्यात अडकला आणि इंजिन बंद पडलं. वाऱ्यानं आम्हाला बंदराच्या तोंडाशी, त्या काळ्या खडकांवर आणून आपटलं. बोट फुटली. लॉरीनं खडक धरला. त्याच्या टोपीवरचा दिवा दिसत होता मला. मला खडक सापडला नाही. मी पाण्यात. छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. हात गेले. मग पाय गेले. लॉरी ओरडत होता, "वॉटीकाका! इकडे! इकडे!" मला कळत होतं, पण वळता येत नव्हतं. खरं सांगतो, मी सोडून दिलं होतं.

तेव्हा कुणीतरी माझ्यासमोर येऊन उभं राहिलं.

पाण्यात. जिथे मला तळ लागत नव्हता, तिथे. कमरेएवढ्या पाण्यात असल्यासारखं.

माझ्याकडे पाठ केली... आणि वाकलं.

ओली लोकर. धुराचा वास. मी काही ठरवलं नाही. हात आपोआप खांद्यांवर गेले. लहानपणी जातात तसे.

मग माझ्या पाठीखाली गोटे होते. किनाऱ्याचे. मी पडलेला. समोर ती परत चालली होती. पाण्यात. घाई नाही, काही नाही. एक पोचवला, आता दुसरा, अशी. खडकावर लॉरीचा दिवा. त्यानंही तिला बघितलं असावं. तो ओरडायचा थांबला होता. हात पुढे केला होता त्यानं.

दहा पावलं राहिली असतील.

वर गावात टोला पडला. सव्वापाचाचा.

आणि ती नव्हती. बुडाली नाही. गेली नाही. नव्हतीच. नुसतं पाणी...

लॉरीचा हात तसाच पुढे. मग लाट आली. मग दिवा दिसला नाही.

...

बचावनौका सहाला आली. लॉरी मंगळवारी सापडला.

मला त्या रात्री इझीच्या घरी नेलं, तेच जवळचं होतं. अजून शोध चालू होता. इझीला आशा होती. शेगडीपुढे मला बसवलं, माझा स्वेटर काढून पिळला तिनं, बादलीभर पाणी निघालं. सारखी बोलत होती. "मी पुसायला लावला, वॉटी. वेळेवर पुसला. तू आलास ना? तोही येईल. तिला हाकलली मी." मी काय बोलणार? माझे दात वाजत होते, ते बरंच होतं.

मग ती खाली बसली आणि तिनं माझे बूट ओढून काढले. उलटे केले. थेंब पडला नाही. तिनंच विणून दिलेले लोकरीचे पायमोजे होते माझ्या पायांत, लॉरीलाही तसलेच दिले होते. तिनं माझा पाय दोन्ही हातांत धरला. घोटा, टाच, बोटं. हळूहळू चाचपून बघितलं. मी गळ्यापर्यंत पाण्यात होतो, पोरांनो. पाऊण तास.

तिनं वर माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

ती बोलायची थांबली. त्यानंतर बारा वर्षं आम्ही ह्या गावात रोज भेटलो, मासळीबद्दल बोललो, हवेबद्दल बोललो, तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो. ह्याबद्दल एक शब्द नाही.

त्या रात्री तिनं फक्त ते पायमोजे माझ्या पायांतून काढले. कडकडीत कोरडे होते. शेगडीवरच्या दांडीवर एकेक नीट पसरून तिनं ते वाळत घातले.