पेशी नसलेले खळगे

ताई ज्या कारखान्यात पिशव्या भरते, तिथली राखाडी भुकटी आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आली होती. कण इतके बारीक की मास्कलाही जुमानत नाहीत. ताईला तिथे लागून तीनच आठवडे झाले होते.

चाचणी सोपी. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये शहाण्णव खळगे. त्यांत पेशी, भुकटी आणि शेवटी पिवळा रंग. पेशी जिवंत असतील तर तो जांभळा होतो. आमचे सगळे खळगे जांभळे आले. 'निर्धोक' असा अहवाल गेला, खाली माझी सही.

शंका सहीनंतर आली. रंग भुकटीच बदलत असेल तर? पेशी न घातलेले खळगे तुलनेला ठेवायचे असतात. प्लेट वाचवायच्या नादात आम्ही ते कधी ठेवलेच नव्हते.

"रिकाम्या खळग्यात कुणाचा जीव शोधतेस?" प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हसल्या.

मी तीन खळग्यांत नुसती भुकटी आणि पेशी वाढवायचा द्रव घातला. रोज एकात रंग. पहिल्या दिवशी यंत्रावर जांभळ्याचा आकडा ०.२ आला. म्हणजे चाचणी फसवी होती, अहवाल मागे घ्यायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी ०.४. तिसऱ्या दिवशी ०.८.

भुकटी वाढत नसते. जंतू शिरले असतील म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. एकही नव्हता. बाटल्या बदलून पुन्हा केलं. तेच आकडे.

दुपारी ताईला बोलावून घेतलं. "नोकरी सोड."

"वेडी आहेस का? आधी दोन जिन्यांत धाप लागायची. आता लागतच नाही."

"बोट दे. थेंबभर रक्त हवंय."

"घे बाई. शिकलीस आणि माझ्याच जिवावर उठलीस!"

थेंब यायला वेळ लागला. पिवळा रंग टाकताच तो जांभळा झाला. इतका गडद मी कधी पाहिला नव्हता.

मग कपाटातला निळा रंग काढला आणि दुसऱ्या थेंबात मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो फक्त मेलेल्या पेशींत शिरतो.

पहिली पांढरी पेशी निळी.

दुसरी निळी.

मी शंभर मोजल्या.

"काय गं, ठीक आहे ना सगळं?"

ताई खिडकीच्या गार काचेला नाक लावून बाहेर बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. माझ्यापुढची काच वाफेने धुरकट झाली.

तिच्यापुढची लख्ख होती.