शिडीखालचा स्वेटर

शिडीवर चढण्याआधी वायरमनने स्वेटर काढून टेबलावर टाकला, आणि खाली उतरेपर्यंत तो विकलासुद्धा गेला! विकणारी कोण? आपली घाईबाई, दुसरं कोण असणार?

चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना "नीट बघा, दिसतंय का?" असं विचारणाऱ्या या मुलीला स्वतःला मात्र नीट बघायची फुरसत नसायची. म्हणून सेवा मंडळात तिचं नाव घाईबाई पडलं होतं. दर हिवाळ्यात मंडळ जुन्या लोकरी कपड्यांची विक्री भरवायचं. यंदाची कमाई वृद्धाश्रमाच्या पायऱ्यांशेजारी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधायला जाणार होती, म्हणून तिचे हात जरा जास्तच भराभर चालले होते. टेबलावर दिसेल त्याची घडी घाल, चिठ्ठी लाव, देऊन टाक. त्यात दिवे लावायला आलेल्या वायरमनचा निळा स्वेटरही गेला.

"इथे माझा स्वेटर होता..." तो इतक्या हळू म्हणाला, की तिने पहिल्यांदाच हातातलं काम सोडून कुणाकडे तरी नीट पाहिलं. आईने विणलेला शेवटचा होता, एवढंच त्याने सांगितलं. आई आता नव्हती.

घाईबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

स्वेटर नेला होता वृद्धाश्रमातल्या काठीवाल्या आजोबांनी. दोघं तिकडे निघाले. बोचरं वारं सुटलं होतं. वारं ज्या बाजूने येत होतं, त्या बाजूला होऊन तो चालू लागला. मी याचं एवढं नुकसान केलं आणि हा मलाच आडोसा देतोय... तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आजोबा स्वेटर घालून व्हरांड्यात बसले होते. बाही कुरवाळत म्हणाले, "बायको गेल्यापासून हातचं विणलेलं अंगावर आलं नव्हतं रे." वायरमनने वाकून त्यांची कॉलर सरळ केली आणि म्हणाला, "छान दिसतोय तुम्हाला."

बाहेर येताच घाईबाई रडायला लागली. तो गडबडला. "अहो... आई असती ना, तर तिनेच काढून दिला असता."

त्यानंतर दर रविवारी घाईबाई आजोबांकडे जायला लागली. त्यांच्या अंगावरची वीण बघायची, घरी येऊन विणायची, चुकायची, उसवायची. जन्मात पहिल्यांदाच तिने एखाद्या कामात घाई केली नाही. वायरमनही कधी बल्ब बदलायला, कधी कारण नसतानाच तिथे डोकावायचा. तो आला, की ती लोकर पिशवीत कोंबायची.

पुढच्या हिवाळ्यात विक्रीच्या दिवशी तिने निळा स्वेटर त्याच्या हातात ठेवला. एक बाही चांगली चार बोटं लांब! त्याने तो तिथल्या तिथे घातला आणि शिडीवर चढला. थोड्या वेळाने कपाळावरून घाम निथळायला लागला, तरी काढायचं नाव नाही.

"काढा की, किती उकडतंय तुम्हाला," ती खालून म्हणाली.

"इथे काढला की विकला जातो, म्हणे."

"हा नाही विकणार मी."

"का बरं?"

ती शिडी घट्ट धरून उभी राहिली. वर बघायचा धीर होईना. "वर्षभर एकेक टाका विणताना तुमचाच विचार केलाय... तुम्ही आवडता मला."

मग तो एकेक पायरी उतरून तिच्यासमोर आला. स्वेटर काढला, आणि टेबलावर न ठेवता तिच्याच खांद्यांवर पांघरला.

"मग तूच सांभाळ," तो म्हणाला. "दोघांनाही."