निळ्या कागदाआडची लिफ्ट

"दार लोटू नका," असं म्हणून बाई उंबऱ्याजवळच्याच खुर्चीत बसली.

आत्याने दार सताड उघडं ठेवलं. खासगी तपासाच्या धंद्यात तिने घाबरलेली माणसं पुष्कळ पाहिली होती. तिचा चाळिशीतला गलेलठ्ठ भाचा खुर्ची ओढून ऐकायला सरसावला.

बाई सुरक्षा तपासनीस होती. तिने पास केल्याशिवाय उपनगरातलं लाइट रेलचं नवं स्टेशन सुरू होणार नव्हतं. काल दुपारी ती तपासणीसाठी लिफ्टने वर निघाली आणि लिफ्ट मध्येच अडकली.

"धोक्याची घंटा दाबली, ती वाजलीच नाही. काचांवर अजून निळा कागद चिकटवलेला, त्यामुळे बाहेरचं काही दिसेना. रंगाच्या वासाने जीव गुदमरला, म्हणून नाकातोंडावर स्कार्फ गुंडाळला. एकदा वाटलं, वरच्या कोपऱ्यातून कुणीतरी डोकावतंय. भास असेल. संध्याकाळी बाहेर माणसं बोलताना ऐकली, तेव्हा ओरडायला म्हणून स्कार्फ सोडून पर्समध्ये कोंबला. सगळे म्हणतात वीज गेली होती. मग आतला दिवा कसा जळत होता?"

"घरी काय सांगितलंत?"

"लिफ्ट अडकली, एवढंच. आतलं काही बोलवतच नाही."

स्टेशनवर स्टेशनमास्तर भेटला. "आवाज ऐकून मी आणि ठेकेदाराने दार फाकवलं. बाईंचा चेहरा लालबुंद, ओठ कोरडे पडलेले."

ठेकेदार उखडलाच. "स्टेशन रखडलं तर माझीच मान अडकते. मी कशाला कोंडू?"

वीजकामाचा मुकादम म्हणजे बाईचा धाकटा दीर. ही नोकरी तिनेच शब्द टाकून मिळवून दिली होती. त्याचे डोळे सुजलेले होते. "मी पार पलीकडच्या टोकाला होतो. पोचलो तोवर वहिनींना दवाखान्यात हलवलं होतं. नाकातोंडाला स्कार्फ बांधून किती वेळ बसल्या असतील बिचाऱ्या!"

आत्या जिना चढून गेली. वरच्या मजल्यावर लिफ्टच्या काचेवरचा निळा कागद एका कोपऱ्यात उचकटून पुन्हा चिकटवलेला होता. तिथे सुरकुत्या पडल्या होत्या.

"ठेकेदारच," भाचा धापा टाकत म्हणाला. "आवाज किती चढला बघ ना!"

"आवाज चढला म्हणून पकडायचं, तर आधी तुझ्या घोरण्याला पकडावं लागेल."

प्रतीक्षागृहात तिने सगळ्यांना बसवलं. बाई दाराशी उभी राहिली.

"वीज गेलीच नव्हती," आत्या म्हणाली. "दिवा जळत होता. लिफ्टचं यंत्र तेवढं कुणीतरी मुद्दाम बंद केलं. बाईंनी स्कार्फ बांधला तो आत, आणि सोडला तोही आतच. दार उघडणाऱ्यांना उघडा चेहरा दिसला. घरी त्या काही बोलल्या नाहीत. मग स्कार्फ पाहिला कुणी? ज्याने वरचा कागद उचकटून आत डोकावलं, त्याने."

मुकादमाची मान खाली गेली.

"घंटेची तार जोडलीच नव्हती," तो पुटपुटला. "जोडली म्हणून कळवून बसलो होतो. वहिनी घंटा तपासणारच. थोडा वेळ अडकवावं, तेवढ्यात गुपचूप तार जोडावी, असं ठरवलं. पण तार सापडेचना. मग वाटलं, आता सोडलं तर काय सांगू? जसजसा उशीर होत गेला, तसतसं बटण दाबायची हिंमतच जात राहिली. राहवेना म्हणून डोकावलो."

"मी दिसले तुम्हाला," बाई म्हणाली. "मी आत गुदमरत होते. आणि तुम्ही कागद परत चिकटवलात, भावजी?"

त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

"तक्रार करायची?" आत्याने हळूच विचारलं.

"करायची. स्टेशनही पास होणार नाही." बाई म्हणाली.

"वहिनी, आईला काय सांगाल?"

"मी नाही, तुम्ही सांगायचं. सगळं, जसं घडलं तसं." तिने खांद्यावरची पर्स नीट केली. "मी शेजारी बसेन."